२७ किलोमीटरच्या बोगद्यात हिग्जनंतर काही गावलं नाही, मग ९१ किलोमीटरचा काहून?

खडूफळा | शनिवार, रात्री ९:१२

राम राम मंडळी. आर्वी तालुक्यातल्या एका खेड्यात मी विज्ञान शिकवतो. परवा नववीला अणूची रचना चालू होती. प्रोटॉन, न्यूट्रॉन, इलेक्ट्रॉन झाले, वेळ उरला म्हणून जिनिव्हाजवळच्या एलएचसी या कण आपटवणाऱ्या यंत्राबद्दल सांगितलं. जमिनीखाली साधारण १०० मीटरवर २७ किलोमीटरचा गोल बोगदा, त्यात प्रोटॉन जवळपास प्रकाशाच्या वेगानं समोरासमोर आपटतात, ४ जुलै २०१२ ला हिग्ज बोसॉन (इतर मूलभूत कणांच्या वस्तुमानाशी जोडलेला कण) सापडल्याचं जाहीर झालं, वगैरे. फळ्यावर गोल काढून म्हटलं, या टोकाला वर्धा धरा, तर समोरचं टोक सेवाग्रामला. पोरं खूश.

मग उत्साहाच्या भरात हेही सांगून बसलो की आता ९१ किलोमीटरचा बोगदा करायचं घाटतंय. मागच्या बाकावरची एक पोरगी उठली. तिच्या वडिलांनी या उन्हाळ्यात तीन बोअर मारले. पहिल्याला दोन इंच पाणी, दुसरा कोरडा, तिसरा चारशे फुटांवर नेला तरी नुसता फुफाटा. ती म्हणाली, "सर, २०१२ नंतर काय गावलं?" मी म्हटलं, हिग्जसारखा नवा मूलभूत कण तरी नाही. "मग आणखी मोठं काहून खोदून रायले? त्यायचा पानाड्या कोन हाय?"

वर्ग हसला, मीही हसलो. उत्तर दिलं नाही, घंटेनं वाचवलं. सोमवारी तिला काय सांगू? 'अपयश ही यशाची पहिली पायरी' छापाचं नको. ते तिला निबंधासाठी पाठ आहे.

तर्रीपोहा | रात्री ९:१५

पहिला! पोरगी जिंकली. धागा बंद करा.

पऱ्हाटीबहाद्दर | रात्री ९:३१

सर, पोरीले सांगा, त्यायचा पानाड्या लय शिकेल हाय. पन नारळ त्याच्याबी तळहातावर आपल्याच मनानं फिरते.

दारव्ह्याचा_कण | रात्री १०:०४

याच विषयात पीएचडी केली (एलएचसीवरच्या सीएमएस प्रयोगाचा डेटा, आता पोट वेगळ्याच नोकरीवर भरतो), म्हणून थोडं लांबड लावतो. पोरीनं नेमक्या दुखऱ्या जागी बोट ठेवलंय.

एलएचसी बांधली तेव्हा पानाड्याची गरज नव्हती, हिशोबच पक्का होता. हिग्ज किंवा त्याचं काम करणारं दुसरं काहीतरी निसर्गात नसेल, तर डब्ल्यू बोसॉन नावाचे दोन जड कण एकमेकांवर आदळण्याचं गणित साधारण १ टेरा-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या (कणांची ऊर्जा मोजायचं एकक) आसपास बिघडतं. शक्यता शंभर टक्क्यांच्या वर जाते. शंभरापैकी एकशे दहा मार्क दिसले की पेपर तपासताना काहीतरी सुटलंय हे कळतं, तसं. म्हणजे तेवढ्या ऊर्जेपर्यंत पोचलं की काही ना काही दिसणारच होतं. वर्धा नदीच्या पात्रात झिरा उकरण्यासारखं काम. हिग्ज दिसला, १२५ गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्टला (हजार गिगा म्हणजे एक टेरा), आणि गणित बसलं.

पुढे तशी हमी नाही. हे आमच्यातले बरेच लोक भाषणात हळू आवाजात सांगतात. पाणी आहे याच्या खुणा दिसतात: आकाशगंगा ज्या वेगानं फिरतात तो दिसणाऱ्या वस्तुमानाच्या हिशोबात बसत नाही (न दिसणारं ते उरलेलं म्हणजे कृष्णद्रव्य), न्यूट्रिनो या जवळपास कशातूनही आरपार जाणाऱ्या कणाला वस्तुमान आहे पण जुन्या सिद्धांतात त्याची सोय नव्हती, आणि विश्वात द्रव्य उरलं तर प्रतिद्रव्य (त्याचं उलट्या विद्युतभाराचं जुळं) गेलं कुठं. पण किती फुटांवर, हे कोणीही सांगू शकत नाही.

पानाड्याच म्हणायचा तर तो सुपरसिमेट्री. प्रत्येक कणाला एक जड जोडीदार, आणि ते जोडीदार एलएचसीत धडाधडा पडतील असं भल्याभल्यांना वाटत होतं. ग्लुइनो नावाच्या जोडीदाराला तर साध्या गणितांत दोन टेरा-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या वरपर्यंत धुंडाळून झालंय. नाही.

संत्रा_मृगबहार | रात्री १०:२०

दारव्हा भाऊ, मस्त. पण मला आधी हे सांगा, जो कण कोणी कधी पाहिलाच नाही तो 'नाही' हे कसं कळतं? आमच्या बागेत रोही येऊन गेला हे मोडलेल्या फांद्यांवरून कळतं. न आलेल्या रोह्याचा पुरावा काय?

तर्रीपोहा | रात्री १०:२२

न आलेल्या रोह्याचा पुरावा = पंचनाम्यात मिळालेली भरपाई.

दारव्ह्याचा_कण | रात्री ११:०७

संत्रा भाऊ, मोडलेल्या फांद्यांचाच धंदा आहे हा.

कॅरम घ्या. मधोमध सोंगट्या रचल्या आणि स्ट्रायकर नेमका वरून, सरळ खाली आपटला असं समजा. सोंगट्या चहूकडे उडाल्या पाहिजेत. सगळ्या एकाच बाजूला उडाल्या आणि दुसरी बाजू रिकामी, तर त्या बाजूला एक न दिसणारी सोंगटी गेली. प्रोटॉन समोरासमोर येतात, त्यामुळे आडव्या दिशेचा संवेग टकरीआधी शून्य असतो, नंतरही बेरीज शून्यच यायला हवी. नाही आली की कोणीतरी पळालं. कृष्णद्रव्याचा कण असाच पकडायची आशा आहे. घोळ एवढाच की साधा न्यूट्रिनोही असाच पळतो. म्हणून न्यूट्रिनोमुळे अशा किती टकरी दिसाव्यात ते आधी मोजायचं आणि त्याहून जास्त दिसतात का ते पाहायचं.

दुसरी रीत आलेखातल्या उंचवट्याची. दोन फोटॉन (प्रकाशाचे कण) निघालेल्या सगळ्या टकरी घ्यायच्या, दोघांच्या ऊर्जेवरून मूळ वस्तुमान काढायचं, आलेख मांडायचा. उतरत्या उतारावर एका जागी टेकाड दिसलं की तिथं कण. हिग्ज असाच दिसला.

आणि 'नाही' कसं कळतं? सिद्धांत म्हणतो अमुक वजनाचा कण असेल तर एवढ्या टकरींत निदान पन्नास खुणा दिसतील. एकही दिसली नाही, तर त्या वजनाच्या चौकटीवर काट मारायची. आमच्या शोधनिबंधांतले निम्मे आलेख म्हणजे अशा काट मारलेल्या जमिनीचे नकाशे.

वायरमन_३३केव्ही | रात्री ११:४०

मले फिजिक्स समजत नाई पन एक सांगतो. हे मशीन १० सप्टेंबर २००८ ले सुरू झालं अन् १९ तारखेले बसलं. कायनं? दोन चुंबकांच्या मधातला केबलचा जॉइंट खराब. हजारो अँपियर जाऊन रायलते, जॉइंट तापला, ठिणगी पडली, हेलियमच्या टाकीले भोक, टनावारी हेलियम बोगद्यात. पन्नासावर चुंबकं काढा लागली. वर्षावर काम बंद. नोव्हेंबर २००९ ले पुन्हा चालू.

आमच्या फिडरवर दर पावसाळ्यात हेच होते. सायेब म्हणते ट्रान्सफॉर्मर गेला, मी म्हणतो आधी जॉइंट पाहा. कोनी आयकत नाई.

पऱ्हाटीबहाद्दर | रात्री ११:४४

+१. लाईन गेली की पहिले लग पाहा, मंग देवाले नवस करा.

वायरमन_३३केव्ही | रात्री ११:५१

आणखी एक. एप्रिल २०१६ मधी मुंगसासारखं एक जनावर त्यायच्या ६६ केव्हीच्या ट्रान्सफॉर्मरवर चढलं. जनावर गेलं, मशीन आठवडाभर बंद. आमच्या डीपीवर खार चढते, साप चढते, एकदा तं माकड चढलं. जिनिव्हा असो का झरी जामणी, लाईनीले सारे सारखे.

खडूफळा | रविवार, सकाळी ७:२०

वायरमन भाऊ, हे सगळं सोमवारी वर्गात सांगणार. पोरांना हिग्जपेक्षा हेच लक्षात राहील याची धास्ती आहे.

कोरडवाहू | सकाळी ८:०५

सर, तुम्ही सारे गोड बोलून रायले म्हणून मी जरा आडवं बोलतो. ९१ किलोमीटरच्या यंत्राचा, तेही फक्त पहिल्या टप्प्याचा, अंदाज आहे १५ अब्ज स्विस फ्रँक. रुपयांत दीड लाख कोटींच्या आसपास. आणि वर लिहिलंच आहे की सापडायची हमी नाही. माझ्याकडे सात एकर कोरडवाहू आहे. बँकेत जाऊन म्हणालो की साहेब, बोअरला पाणी लागेल याची हमी नाही पण खडक समजेल, तर मॅनेजर चहा तरी पाजेल का? त्या पोरीचा बाप तिसऱ्या बोअरनंतर थांबला, कारण पैसे त्याच्या खिशातले होते. यांचे दुसऱ्याच्या खिशातले आहेत.

विज्ञानाला विरोध नाही. हिशोब विचारतो.

नागपूरकर_सध्या_पुणे | सकाळी ९:३०

कोरडवाहू, तुम्ही हे ज्यावर टाइप केलंत ते वर्ल्ड वाइड वेब सर्नमधूनच, म्हणजे एलएचसी चालवणाऱ्या संस्थेतूनच आलं. टिम बर्नर्स-ली, १९८९. आणि १९९३ मध्ये सर्ननं ते सगळ्यांना फुकट वापरायला दिलं. त्या एका गोष्टीनं सगळा खर्च वसूल.

कोरडवाहू | सकाळी ९:४८

लग्नात बासुंदी चांगली होती म्हणून लग्न करायचं का? बासुंदीच पाहिजे तर आचारी बोलवा, स्वस्तात होते. वेब पाहिजे म्हणून कोणी बोगदा खोदला नव्हता.

तर्रीपोहा | सकाळी ९:५०

माझं लग्न बासुंदीसाठीच झालं. बायको हा धागा वाचत नाही ना?

दारव्ह्याचा_कण | सकाळी ११:१५

वेबच्या मुद्द्यावर मी कोरडवाहूंच्या बाजूनं. जोडधंद्याचा नफा दाखवून मूळ धंद्याचं समर्थन करू नये. पैशाबद्दल दोन गोष्टी मात्र. ते १५ अब्ज साधारण बारा वर्षांवर पसरलेले आहेत आणि त्यातला मोठा हिस्सा सर्नच्या नेहमीच्या वार्षिक वर्गणीतून निघावा असा बेत आहे. भारत २०१७ पासून सहयोगी सदस्य आहे, पूर्ण सदस्य नाही, त्यामुळे आपली वर्गणी त्या मानानं लहान. अंतिम निर्णय अजून व्हायचाय, २०२८ च्या आसपास अपेक्षित.

दुसरं, 'कोरडा बोअर' ही उपमा पहिल्या टप्प्याला लागू पडत नाही. त्या बोगद्यात आधी प्रोटॉन नाही, इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन (धन विद्युतभाराचं इलेक्ट्रॉनचं जुळं) फिरवणार. प्रोटॉन म्हणजे गच्च भरलेलं पोतं. दोन पोती आपटली की रुई, सरकी, कचरा सगळं उडतं, त्यातून दाणा वेचायचा. इलेक्ट्रॉन म्हणजे कंचे. दोन कंचे आपटले की काय आत गेलं आणि काय बाहेर आलं ते नेमकं माहीत असतं. त्यात दहा लाखांहून जास्त हिग्ज स्वच्छ मोजता येतील. हिग्ज इतर कणांशी किती घट्ट जोडलेला आहे यात सिद्धांतापेक्षा अर्ध्या टक्क्याचा फरक निघाला, तरी आपल्या आवाक्याबाहेरचा एखादा जड कण पडद्यामागून हात घालतोय असं समजायचं. पाणी लागलेल्याच विहिरीचा झरा कुठून येतो ते पाहण्यासारखं आहे ते. प्रोटॉनचा दुसरा टप्पा २०७० च्या दशकात. तो माझा नातू पाहील.

कोरडवाहू | सकाळी ११:३२

हे पटण्यासारखं आहे. पण मग पेपरात 'नव्या कणाचा शोध' म्हणून काहून छापता? 'जुन्या कणाची मोजणी' म्हणा.

दारव्ह्याचा_कण | सकाळी ११:३५

कारण मोजणीला कोणी पैसे देत नाही. हे वाक्य मी लिहिलंच नाही असं समजा.

शेगावची_कचोरी | दुपारी १२:१०

२००८ मध्ये टीव्हीवर दिवसभर चालू होतं की यंत्र सुरू होताच कृष्णविवर तयार होईल आणि पृथ्वी गिळेल. आमच्या आबांनी कपाशीची फवारणी थांबवली. म्हणाले, "औषध महाग हाय, उद्या जग रायलं तं मारू." दुसऱ्या दिवशी जग राहिलं, पण रात्री पाऊस आल्यानं फवारणी तशीही वाया गेली असती. आबा आजही सांगतात की वैज्ञानिकांमुळे आपलं औषध वाचलं.

दारव्ह्याचा_कण | दुपारी १२:१८

आबांना नमस्कार! अवकाशातून येणारे कण यापेक्षा कितीतरी जोरात पृथ्वीच्या वातावरणावर अब्जावधी वर्षं आपटत आलेत. गिळायची असती तर लोणारच्या उल्केआधीच गिळली असती.

अंजनगावी_पान | दुपारी १:०२

मी कॉलेजात सांख्यिकी शिकवते. धाग्यात एक मोठी गोष्ट राहून गेली: टेकाड दिसलं म्हणजे कण सापडला असं नाही. डिसेंबर २०१५ मध्ये एलएचसीच्या दोन्ही मोठ्या प्रयोगांना ७५० गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्टपाशी दोन फोटॉनचं टेकाड दिसलं. अॅटलासलाही, सीएमएसलाही. जगभरच्या सिद्धांतवाल्यांनी काही महिन्यांत पाचशेच्या आसपास शोधनिबंध लिहिले. ऑगस्ट २०१६ मध्ये जास्त डेटा आला आणि टेकाड सपाट.

ग्रामपंचायतीची मतमोजणी पाहिलीय ना? पहिल्या फेरीत आपला उमेदवार ३५ मतांनी पुढे, पोरं गुलाल उधळतात, कोणीतरी डीजे बोलावतो. शेवटच्या फेरीत पडतो. पहिली फेरी खोटी नव्हती, छोटी होती. म्हणून हे लोक 'पाच सिग्मा' शिवाय शोध म्हणत नाहीत, म्हणजे नुसत्या योगायोगानं एवढं टेकाड येण्याची शक्यता ३५ लाखांत एक. नाणं उडवून ओळीनं एकवीस-बावीस वेळा छापा पडण्यासारखं. आणि शेकडो आलेखांत हजारो जागी पाहिलं तर कुठे ना कुठे तीन सिग्माचं टेकाड दिसणारच. शंभर गावांत मतमोजणी चालू असेल तर एखाद्या गावात पहिल्या फेरीत कोणीही पुढे असतो.

पऱ्हाटीबहाद्दर | दुपारी १:१५

मॅडम, आमच्या गावच्या त्या डीजेचं बिल अजून देनं हाय.

दारव्ह्याचा_कण | दुपारी १:४०

पानवाल्या ताई, त्या पाचशेपैकी एकात माझ्या गाईडचं नाव आहे. कोणता ते सांगणार नाही.

वायरमन_३३केव्ही | दुपारी २:२५

ताईच्या हिशोबात पाच सिग्मा झाले तरीबी फसता येते. २०११ मधी सर्नहून इटलीले ७३० किलोमीटर न्यूट्रिनो धाडले, तं थे उजेडाच्या आधी पोचले. ६० नॅनोसेकंद. आइन्स्टाइन चुकला म्हणून बोंब. पुढच्या वर्षी पाह्यलं तं फायबरच्या केबलचं कनेक्टर नीट बसेल नोयतं.

मी काय म्हटलं व्हतं? आधी जॉइंट पाहा.

अंजनगावी_पान | दुपारी २:३१

वायरमन दादांना माझ्या विभागात मानद प्राध्यापक करावं असा ठराव मांडते.

नागपूरकर_सध्या_पुणे | दुपारी ३:१०

किंचित अवांतर: एवढ्या लांब कशाला जाता, हिंगोलीला औंढा नागनाथजवळ लायगो ही वेधशाळा होतंय. चार-चार किलोमीटरचे दोन हात, २०२३ मध्ये केंद्रानं २६०० कोटी मंजूर केले. वाशीमहून उठून पाहायला जाता येईल. कण नाही, गुरुत्वीय लहरी आहेत, पण आपल्या मातीत आहे.

कोरडवाहू | दुपारी ३:२२

याला माझा पाठिंबा. २६०० कोटीत निदान काय ऐकू येणार ते माहीत आहे.

संपादक_मंडळ | दुपारी ३:३०

मंडळी, धागा भरकटू देऊ नका. लायगोसाठी वेगळा धागा काढा.

संत्रा_मृगबहार | दुपारी ४:४५

दारव्हा भाऊ, एक शंका डोक्यातून जात नाही. एवढ्या टकरी होतात, सगळ्या जपून ठेवता का? आमच्याकडे ग्रेडिंगच्या मशीनवर लहान संत्री खाली पडतात, ती कोणी पाहत नाही. तुमचा नवा कण खाली पडलेल्यांत असला तर?

दारव्ह्याचा_कण | संध्याकाळी ६:२०

भाऊ, याच प्रश्नानं रात्री झोप येत नसे.

सेकंदाला चार कोटी वेळा प्रोटॉनचे पुंजके एकमेकांतून जातात आणि दर वेळी कित्येक टकरी होतात. हिग्ज तयार होतो साधारण शंभर कोटी टकरींत एक. सगळं साठवणं अशक्य. म्हणून 'ट्रिगर' नावाची चाळणी ठरवते, ठेवायचं की टाकायचं; पहिली चाळण सेकंदाच्या लाखाव्या हिश्श्याच्या आत, दुसरी त्यानंतर. सेकंदाला काही हजार नोंदी उरतात. बाकी कायमच्या गेल्या. चाळणीची भोकं आपणच पाडलेली, आपल्याला जे अपेक्षित आहे त्याच्या मापाची. नवा कण विचित्र असेल, म्हणजे जन्मल्यावर लगेच न फुटता मीटरभर चालून मग फुटणारा, तर जुनी चाळणी त्याला कचरा समजू शकते. पाखडताना हलका दाणा भुशाबरोबर उडतो ना, तसा.

म्हणून आता चाळण्या बदलताहेत. आणि टकरीच्या जागेपासून ४८० मीटर लांब, एका जुन्या पडीक बोगद्यात, फेझर नावाचं छोटं यंत्र बसवलंय. हलके, लाजाळू, लांब चालणारे कण तिथवर पोचतात का ते पाहायला. असा कण अजून नाही, पण २०२३ मध्ये त्यानं टकरींतून निघालेले न्यूट्रिनो पकडले. कोरडवाहू, मोठ्या यंत्राच्या तुलनेत हे चिल्लर खर्चात झालं. तुमच्या बाजूचा मुद्दा म्हणून नोंदवतो.

पऱ्हाटीबहाद्दर | संध्याकाळी ६:४१

म्हंजे आपल्याच धुऱ्यावर पानी असन अन् आपन वावराच्या मधात खोदून रायलो. असं झालं हाय आमच्याकडं.

शेगावची_कचोरी | रात्री ८:००

अर्धवट सोडलेलं यंत्रही आहे म्हणे अमेरिकेत?

नागपूरकर_सध्या_पुणे | रात्री ८:२५

हो. टेक्सासमध्ये, ८७ किलोमीटरचं. एलएचसीच्या जवळपास तिप्पट ऊर्जेचं ठरलं होतं. वीसहून जास्त किलोमीटर बोगदा खोदून, दोन अब्ज डॉलर घालून, १९९३ मध्ये त्यांच्या संसदेनं बंद केलं.

कोरडवाहू | रात्री ८:३३

अर्धवट विहीर सगळ्यात वाईट. पाणी नाही, जमीनही गेली, आणि गुरं पडतात ते वेगळं.

खडूफळा | मंगळवार, रात्री ९:४०

सगळ्यांचे आभार. काल तास झाला. जमेल तसं लिहितो.

आधी सरळ सांगितलं की पानाड्या नाही, होता तो चुकला, आणि या वेळी हमी नाही. वर्ग जरा हिरमुसला. मग कॅरम आणला. टेबलावर एक सोंगटी ओढणीखाली लपवून खेळ केला, कोणत्या बाजूला काय पळालं ते ओळखायला लावलं. मतमोजणीचं उदाहरण दिल्यावर एका पोरानं स्वतःच्या काकांचं नाव घेतलं, ते थांबवावं लागलं. जॉइंटची गोष्ट अपेक्षेप्रमाणे सर्वात जास्त चालली.

ती पोरगी गप्प होती. तास संपताना म्हणाली, "सर, ते कोरडे बोअर कुठं कुठं मारले त्याचा नकाशा ठेवते ना ते लोक?" मी म्हटलं, तोच तर ठेवतात, काट मारून. "आपल्या गावात कोन ठेवते?"

कोणी ठेवत नाही. चार वर्षांपूर्वी शेजारच्यानं जिथं साडेतीनशे फूट कोरडा मारला, तिथून तीस हातांवर तिच्या वडिलांनी तिसरा मारला. शेजाऱ्यानं लाजेनं सांगितलं नव्हतं.

आज शाळा सुटल्यावर सात पोरं वही घेऊन निघाली. खोली, पाणी किती इंच, खडक काळा की मुरूम, कोणत्या वर्षी मारला. पहिल्या दिवशी १९ बोअर झाले, त्यातले ११ कोरडे. चार तर उघडेच होते, त्यावर दगड ठेवायला लावले.

कोरडवाहू | रात्री ९:५८

सर, मी तुमच्या पलीकडच्याच गावचा. आमच्याकडं येतील का पोरं? माझ्या सात एकरात दोन आहेत. एक बाभळीजवळ, २१० फूट. दुसरा धुऱ्यावर, त्यावर तुटकं जातं ठेवलंय. खोली बायकोला विचारून सांगतो, पैसे तिनं मोजले होते.